‘रन’चे अर्थ वर्गात कसे उलगडून सांगावेत?

हडपसरचा वर्ग

नमस्कार. हडपसरला आम्ही मराठी माध्यमात शिकलेल्या नोकरदार मंडळींसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग चालवतो. वर्गात दुकानदार आहेत, कारखान्यातले सुपरवायझर आहेत, दवाखान्यात रिसेप्शन सांभाळणाऱ्या ताई आहेत, आयटीत नुकतेच लागलेले काही जण आहेत. लांबलचक शब्दांवर यांच्यापैकी कोणी अडत नाही. ‘फोटोसिंथेसिस’ एकदा सांगितलं की संपलं, कारण त्याला अर्थच एक. अडतात ते ‘रन’, ‘सेट’, ‘गेट’, ‘टेक’ अशा चिमुकल्या शब्दांवर.

सध्या ‘रन’ घेतलाय. प्रत्येकाने आपल्या कामात ऐकलेलं किंवा वाचलेलं एकेक वाक्य आणलंय. जशीच्या तशी देतो:

१. द पेशंट इज रनिंग अ टेम्परेचर.
२. वी आर रनिंग लो ऑन स्टॉक.
३. कॅन आय रन धिस बाय यू?
४. द टेस्ट रन इज ऑन थर्सडे.
५. द कलर मे रन इन द फर्स्ट वॉश.
६. ही इज रनिंग फॉर चेअरमन.
७. द लीज रन्स टिल मार्च.
८. डायबिटीस रन्स इन द फॅमिली.
९. द बिल रन्स इंटू लाख्स.
१०. द इंजिन हॅज टू बी रन इन.

यांचे अर्थ मला सांगता येतात, प्रश्न तो नाही. दहा वाक्यांचे दहा अर्थ फळ्यावर लिहिले की वही भरते, पण अकरावं वाक्य समोर आलं की माणूस पुन्हा ‘धावणे’पाशीच येऊन थांबतो. म्हणून विचारतो: (अ) नवं वाक्यसुद्धा सुटावं अशी या अर्थांची काही मांडणी आहे का? (आ) किती अर्थ शिकवले म्हणजे पुरे? (इ) कोश कोणता द्यावा? साध्या इंग्रजी–मराठी कोशात ‘रन’पुढे पंधरा-वीस मराठी शब्द ओळीने स्वल्पविराम देऊन लिहिलेले असतात. त्यातला कोणता उचलायचा हे विद्यार्थ्याला कळत नाही.

मुठाकाठ

आधी (आ), म्हणजे दडपण जाईल. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली तेव्हा त्यातली सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती. अलीकडे सुधारित आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकांना त्या एका नोंदीसाठी सुमारे नऊ महिने लागले. पण तो कोश शब्दाचा सगळा इतिहास नोंदवतो. जुने, वापरातून गेलेले, जहाजावरचे, खाणीतले असे सगळे अर्थ त्यात मोजलेले आहेत. कामापुरत्या इंग्रजीला आठ-नऊ कप्पे आणि त्यांच्या जोडीला दहा-बारा ठरलेले वाक्प्रयोग एवढं पुरतं.

आता (अ). विद्यार्थ्याला ‘रनचा अर्थ काय’ हा प्रश्नच विचारू देऊ नका. त्याऐवजी दोन प्रश्न लावा: कोण रन होतंय, आणि कशाला रन केलं जातंय? कर्ता आणि कर्म पाहिलं की कप्पा आपोआप ठरतो.

कर्ता माणूस किंवा जनावर असेल आणि पुढे कर्म नसेल, तर बहुतेक वेळा खरंच धावणं. तुमचं सहावं वाक्य इथलंच, कारण निवडणूक ही शर्यत मानलेली आहे. यात एक खुबी सांगा. अमेरिकन माणूस निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटिश माणूस ‘स्टँड’ करतो, आणि आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं ‘कंटेस्ट’ लिहितात. म्हणजे एकाच बातमीसाठी तीन क्रियापदं भेटू शकतात.

कर्ता पातळ असेल तर वाहणं. हा अर्थ नंतर चिकटलेला नाही. जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद माणसाच्या धावण्याला आणि पाण्याच्या वाहण्याला, दोन्हींना चालत होतं. ‘द मुठा रन्स थ्रू द सिटी’, ‘हिज नोज इज रनिंग’, ‘द टॅप इज रनिंग’. कर्माबरोबर आला तर पाणी सोडणं: ‘रन द टॅप फॉर अ मिनिट’. तुमचं पाचवं वाक्य याच कप्प्यातलं आणि दुकानदार मंडळींना ते नीट समजावणं गरजेचं आहे. ‘कलर रन्स’ म्हणजे ओल्या कपड्याचा रंग सुटून पाण्यात उतरतो आणि शेजारच्या कपड्याला लागतो. उन्हाने किंवा वर्षानुवर्षांच्या धुण्याने रंग फिका पडतो त्याला ‘फेड’ म्हणतात. मराठीत आपण दोन्हीला ‘रंग जातो’ म्हणतो, म्हणून इथे हमखास गोंधळ होतो. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाईकाने ‘विल इट रन?’ असं विचारलं, तर त्याला पहिल्या धुण्याची चिंता आहे. अशा वेळी ‘नो, इट वोंट फेड’ हे उत्तर प्रश्नाला लागूच पडत नाही.

कर्ता यंत्र किंवा प्रणाली असेल तर चालू असणं. ‘द पंप इज रनिंग’. इंधन सांगायचं असेल तर मागे ‘ऑन’ येतो: ‘सम पीएमपी बसेस रन ऑन सीएनजी, सम ऑन बॅटरीज’. आयटीतली मुलं ‘रन द स्क्रिप्ट’, ‘रन अ क्वेरी’ रोज म्हणतात, तेही इथलंच.

कर्म दुकान, वर्ग, संस्था, घर असं असेल तर चालवणं, म्हणजे रोजचा कारभार पाहणं. इथे एक सापळा आहे. मराठीत गाडीही ‘चालवतो’ आणि दुकानही ‘चालवतो’, म्हणून मुलं ‘आय रन अ कार टू ऑफिस’ असं लिहितात. स्टिअरिंगमागे बसणं म्हणजे ‘ड्राइव्ह’. ‘रन अ कार’ हा प्रयोग इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ गाडी बाळगणं, तिचा पेट्रोल-विमा-दुरुस्तीचा खर्च उचलणं: ‘इट इज एक्स्पेन्सिव्ह टू रन अ बिग कार’. सायकलला आणि दुचाकीला ‘राइड’.

कर्ता बस, रेल्वे, लोकल असेल तर वेळापत्रकानुसार ये-जा. इथे साधा वर्तमानकाळ लागतो: ‘द बस रन्स एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’. नियम सांगताना ‘इज रनिंग’ वापरू नये. ते आजच्या स्थितीसाठी ठेवावं: ‘द ट्रेन इज रनिंग लेट’. अखंड चालत आलेल्या गोष्टीसाठी तिसरं रूप: ‘द डेक्कन क्वीन हॅज बीन रनिंग सिन्स १९३०’.

मंडळी खरी बिचकतात ती पुढच्या दोन कप्प्यांत, कारण तिथे काहीच हलत नाही. कर्ता रस्ता, भिंत, तार, पाइप, जिना असा लांबट असेल, तर रन म्हणजे इथून तिथपर्यंत पसरलेला असणं. ‘द मेट्रो लाइन रन्स फ्रॉम वनाझ टू रामवाडी’ हे वाक्य रात्री मेट्रो बंद असतानाही खरंच असतं, कारण ते रुळांबद्दल आहे. ‘द मेट्रो रन्स टिल लेट इव्हिनिंग’ हे गाड्यांबद्दल आहे. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी फळ्यावर लिहा, फरक लगेच दिसतो. जागेच्या ऐवजी काळ घेतला की तुमचं सातवं वाक्य: भाडेकरार मार्चपर्यंत पसरलेला, म्हणजे त्याची मुदत तोवर. नाटकाचे प्रयोग, अभ्यासक्रम, महोत्सव, वॉरंटी ही सगळी या अर्थाने ‘रन’ होतात. आणि काळाऐवजी पिढ्या घेतल्या की आठवं वाक्य: मधुमेह त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. यात संसर्गाचा अर्थ अजिबात नाही, हे दवाखान्यातल्या ताईंना मुद्दाम सांगा.

शेवटचा कप्पा म्हणजे मागे विशेषण: रन लो, रन शॉर्ट, रन ड्राय, रन लेट, रन हाय. इथे ‘रन’ म्हणजे ‘होत जाणं’. तुमचं दुसरं वाक्य: माल कमी होत आलाय, संपलेला नाही. संपला तर ‘आऊट’. ‘टेम्पर्स आर रनिंग हाय’ म्हणजे वातावरण तापलंय. कुठलंही विशेषण मात्र इथे बसत नाही. ‘रन हॉट’ चालतं, ‘रन हॅपी’ चालत नाही. म्हणून ही यादी छोटी आणि पाठ करण्याजोगी.

पेठेतला वाचक

वरच्या मांडणीला माझी एक पुस्ती. मराठी माणसाला एकाच क्रियापदाचे ढीगभर अर्थ ही गोष्ट अजिबात नवी नाही, फक्त ती तो करतोय हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. वर्गाची पहिली दहा मिनिटं इंग्रजी बाजूला ठेवून ‘लागणे’ घ्या. भूक लागली, ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, रांग लागली, विहिरीला पाणी लागलं, दूध भांड्याला लागलं, पत्ता लागला, वेळ लागतो, चहा गोड लागतो, तो माझा मामा लागतो, घाटात बस लागते. प्रत्येक वाक्यात ‘लागणे’च्या जागी दुसरा शब्द घालायला सांगा. मग विचारा की अर्थ कुठून कळला. उत्तर मंडळीच देतात: शेजारच्या शब्दावरून. ‘भूक’ आणि ‘नोकरी’ यांनीच ‘लागणे’चा अर्थ ठरवला. ‘रन’ला लावायची नजर हीच. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) किंवा पुण्यात निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) यातली ‘लागणे’ची नोंद दाखवली, तर इंग्रजीबद्दलची तक्रार बरीच निवते.

दुसरं, ‘रन’ची मराठी जोडी ‘धावणे’ ही नाही. सर्वांत जवळची जोडी ‘चालणे–चालवणे’ ही आहे. यंत्र चालतं, दुकान चालतं, सिनेमा चालतो, महोत्सव पाच दिवस चालतो, खटला वर्षानुवर्षं चालतो. इंग्रजीत जिथे ‘रन’, तिथे मराठीत निम्म्याहून जास्त वेळा ‘चाल’. म्हणून विद्यार्थ्याला पहिला पर्याय म्हणून ‘चालणे’ लावून पाहायला सांगा. ते बसलं नाही तर ‘वाहणे’, तेही नाही तर ‘जाणे’ (रस्ता नदीकाठाने जातो). ‘धावणे’ चौथ्या नंबरावर. त्याला अपवाद वाहतुकीच्या बातम्यांचा: तिथे मराठीतही मेट्रो ‘धावते’ आणि जादा गाड्या ‘धावतात’.

उलट दिशा मात्र सांभाळा. ‘चालणे’ दिसलं की ‘रन’ लिहायचं हा नियम होत नाही. ‘चालेल’ला ‘इट विल रन’ म्हणता येत नाही, तिथे ‘दॅट विल डू’ किंवा ‘दॅट्स फाइन’. ‘ही नोट चालणार नाही’ यातही ‘रन’ नाही. ‘माझं काय चाललंय’ यातही नाही.

आणखी एक. ‘रन’चे काही अवघड अर्थ पुण्यातल्या साध्या व्यवहारात आधीच मुरलेले आहेत, ते कामाला लावा. सुतार आणि फर्निचरवाले ‘रनिंग फूट’ने भाव सांगतात. ओटा १२ रनिंग फूट म्हणजे रुंदी न धरता सलग लांबी १२ फूट. मुठाकाठ यांनी सांगितलेला ‘पसरलेला असणं’ हा अर्थ तो हाच. बांधकामातलं ‘रनिंग बिल’ म्हणजे काम चालू असताना झालेल्या कामापुरतं सादर केलेलं बिल, शेवटचं ‘फायनल बिल’ वेगळं. जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘रनिंग कंडिशन’ असतं. वर्गातल्या कारखानेवाल्याला आणि दुकानदाराला हे तीनही शब्द तोंडपाठ असतील. तिथून सुरुवात केली तर इंग्रजी वाक्य परकं वाटत नाही.

हडपसरचा वर्ग

दोघांचेही आभार. ‘लागणे’चा प्रयोग नक्की करणार. आता उरलेला डोंगर म्हणजे मागून येणारे छोटे शब्द. ‘रन ओव्हर’चीच तीन वाक्यं आमच्याकडे जमलीत: ‘द मीटिंग रॅन ओव्हर’, ‘द ट्रक रॅन ओव्हर अ डॉग’, ‘लेट्स रन ओव्हर द फिगर्स’. कर्ता-कर्म पाहून इथे भागेल का? शिवाय ‘मिल्क हॅज रन आऊट ऑफ’ असं वाक्य वर्गात दर दुसरा माणूस लिहितो.

व्याकरणाचा कंदील

कर्ता-कर्माने अर्थ कळतो, पण वाक्य बनवताना तेवढ्याने भागत नाही. तिथे आणखी एक चाचणी लागते: कर्माच्या जागी ‘इट’ घाला आणि ते मधे बसतं की शेवटी, ते पाहा.

‘रन ओव्हर’वर ती लावू. गाडीखाली चिरडणं असेल तर ‘इट’ मधे जातं: ‘द ट्रक रॅन इट ओव्हर’. आकड्यांवरून नजर फिरवणं असेल तर ‘देम’ शेवटीच राहतं: ‘लेट्स रन ओव्हर देम’. इथे ‘रन देम ओव्हर’ म्हटलं तर आकडे गाडीखाली जातात! ठरलेल्या वेळेपुढे जाणं असेल तर कर्मच नसतं, म्हणून ‘द मीटिंग रॅन ओव्हर’ एवढ्यावर वाक्य संपतं. किती पुढे ते सांगायचं असेल तर ‘बाय टेन मिनिट्स’. तीन अर्थ, तीन वेगळ्या चौकटी. चौकट लक्षात राहिली की अर्थ आपोआप राहतो.

‘रन आऊट’मध्ये चूक नेमकी एकाच जागी होते. वस्तू कर्ता असेल तर ‘ऑफ’ नको: ‘द मिल्क हॅज रन आऊट’. माणूस कर्ता असेल तर ‘ऑफ’ हवाच: ‘वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क’. मराठीत ‘दूध संपलं’ आणि ‘आमच्याकडचं दूध संपलं’ या दोन्हींत कर्ता दूधच असतो, म्हणून आपली वाक्यरचना तिकडे घसरते. दूध आधी आलं की ‘ऑफ’ गळतं, हा एवढा नियम फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर ठेवा. क्रिकेटमधलं ‘रन आऊट’ वेगळं, ते कर्मणी रूपात येतं: ‘ही वॉज रन आऊट’, धावबाद झाला.

तुमच्या यादीतली उरलेली घेतो.

तिसरं: ‘रन समथिंग बाय समवन’. कर्म मधे असलंच पाहिजे. अर्थ, एखादी कल्पना समोरच्याच्या कानावर घालून त्याचं मत घेणं. ‘पास्ट’ घालूनही हाच अर्थ. हे बोलण्यातलं आणि सहकाऱ्यांच्या ईमेलमधलं इंग्रजी आहे. सरकारी पत्रात किंवा बँकेच्या अर्जात ते घालू नये, तिथे ‘कन्सल्ट’ किंवा ‘सीक युअर अप्रूव्हल’. ‘रन इट बाय मी अगेन’ म्हटलं की मात्र अर्थ बदलतो: पुन्हा एकदा नीट सांग.

नववं: ‘रन इंटू’ला तीन अर्थ आहेत. माणूस कर्म असेल तर अचानक गाठ पडणं, खांब कर्म असेल तर धडकणं, ‘लाख’, ‘कोटी’, ‘थाउजंड्स’ असं कर्म असेल तर तिथपर्यंत पोचणं. इथे नेमका आकडा घालू नका. ‘द बिल रन्स इंटू लाख्स’ बरोबर, पण तीन लाख चाळीस हजार सांगायचे असतील तर ‘कम्स टू’ किंवा ‘अमाउंट्स टू’. ‘इट’ कायम शेवटी: ‘आय रॅन इंटू हिम’.

दहावं: नवं किंवा नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीचा काळ पूर्ण भार न टाकता, कमी-जास्त वेगाने चालवतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा पृष्ठभाग एकमेकांशी घासून बसतात. ते ‘रन इन’ करणं. हे नीट केलं नाही तर रिंगा बसत नाहीत आणि इंजिन पुढे तेल खातं. सुपरवायझर मंडळींना ही क्रिया ठाऊक असेल, फक्त वाक्याची रचना दाखवा: ‘रन द इंजिन इन’, आणि कर्मणीत ‘द इंजिन मस्ट बी रन इन’.

पहिल्या वाक्याबद्दल मात्र माझं मत वरच्यांपेक्षा थोडं निराळं आहे. ‘रन अ टेम्परेचर’, ‘रन अ रिस्क’, ‘रन अ रेड लाइट’ हे कुठल्याच कप्प्यात कोंबू नयेत. प्रत्येकाला तापमान असतंच, तरी ‘रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप आहे. हे फोडून कळत नाही, ते अख्खंच घ्यावं लागतं. आकडा जोडता येतो: ‘रनिंग अ टेम्परेचर ऑफ १०२’. ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे सिग्नल तोडणं. हे अमेरिकेकडचं, ब्रिटनमध्ये ‘जंप द लाइट्स’ आणि आपल्याकडे ‘जंप अ सिग्नल’. कप्प्यांवर प्रेम जडलं की माणूस यांनाही ओढूनताणून ‘सलग हालचाल’ शिकवू लागतो, आणि विद्यार्थी ते ऐकून अधिकच गोंधळतो. अशी पाच-सहा वाक्यं वेगळ्या पानावर लिहून पाठच करून घ्या.

आणि उच्चार. तोच जोड क्रियापद असेल तेव्हा जोर मागच्या शब्दावर, नाम असेल तेव्हा पहिल्यावर. ‘लेट्स रन थ्रू इट’मध्ये ‘थ्रू’वर जोर, ‘अ क्विक रन-थ्रू’मध्ये ‘रन’वर. गोलंदाजाचा ‘रन-अप’ आपण बरोबर म्हणतो, पण ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणताना ‘अप’ गिळून टाकतो आणि ऐकणाऱ्याला थकलेल्या उधारीऐवजी नुसतं धावणं ऐकू येतं.

मुठाकाठ

‘रन अ टेम्परेचर’बद्दल सहमत. ते अख्खंच शिकवावं.

(इ) राहिला होता. द्विभाषी कोश अर्थ ओळखायला ठीक, निवड करायला अपुरा, कारण त्यात कर्ता आणि कर्म दिलेलं नसतं. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेले एकभाषी कोश घ्या. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स (हॉर्नबी यांच्या कोशातून वाढलेला), लाँगमनचा कंटेम्पररी इंग्लिश (१९७८) आणि कॉलिन्स कोबिल्ड (१९८७) हे तीन जाणते. लाँगमनमध्ये व्याख्या सुमारे २००० ठरावीक साध्या शब्दांतच लिहिलेल्या आहेत आणि लांब नोंदीत प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर एक-दोन शब्दांची पाटी आहे: यंत्र, पाणी, व्यवसाय अशी. बोटाने पाट्या चाळायच्या, अर्थ नंतर वाचायचा. कोबिल्ड व्याख्याच पूर्ण वाक्यात देतो, ‘इफ यू रन समथिंग सच ॲज अ बिझनेस...’ अशी, त्यामुळे कर्म कसलं हवं ते व्याख्येतच कळतं. तुमच्या वर्गाला मी कोबिल्ड आधी देईन. अप्पा बळवंत चौकात शिकणाऱ्यांचे कोश मिळतात, आणि तिन्ही प्रकाशनांचे कोश इंटरनेटवरही फुकट पाहता येतात. वर्गासाठी छापील प्रत मात्र एक तरी ठेवा. फोनवर पहिले तीन अर्थ दिसतात आणि माणूस तिथेच थांबतो. छापील पानावर अख्खी नोंद नजरेखालून जाते.

मोबाइलवरच्या भाषांतरकाराला एकटा ‘रन’ कधी देऊ नये, तो ‘धावा’ म्हणून मोकळा होतो. पूर्ण वाक्य द्यावं, आणि शक्य असेल तर आधीचं वाक्यही.

वहीची पद्धत: एका नोंदीत चारच ओळी. पहिल्या ओळीत चौकट (दुकानदार + रन + दुकान), दुसरीत ऐकलेलं वाक्य, तिसरीत त्या वाक्यापुरतं मराठी क्रियापद, चौथीत स्वतःच्या कामातलं नवं वाक्य. चौथी ओळ नसेल तर नोंद अर्धवट समजा. एका तासाला चार नोंदींपेक्षा जास्त नकोत. पुढच्या तासाला सुरुवातीलाच तिसरी ओळ झाकून विचारायची. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की ‘रन’ बाजूला ठेवून ‘सेट’कडे वळा.

हडपसरचा वर्ग

पद्धत पटली. चौथं वाक्य तेवढं राहिलं. ‘टेस्ट रन’मध्ये तो नाम आहे. नामाचे वेगळे कप्पे करायचे का?

व्याकरणाचा कंदील

फार कप्पे लागत नाहीत. क्रिकेटची धाव सोडली तर नाम म्हणून ‘रन’ बहुधा एक सलग फेरी किंवा सलग टप्पा दाखवतं. ‘टेस्ट रन’ म्हणजे यंत्र किंवा प्रणाली चाचणीसाठी एकदा पूर्ण चालवून पाहणं. ‘ड्राय रन’ म्हणजे खरा माल, खरे पैसे, खरे प्रेक्षक न वापरता केलेली रंगीत तालीम. छापखान्यात ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती. ‘अ रन ऑफ बॅड लक’ म्हणजे ओळीने आलेली साडेसाती. ‘बँक रन’ मात्र समजावून सांगावं लागतं: बँक बुडेल या भीतीने ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावतात. बँकेने ठेवींचा मोठा भाग कर्जात गुंतवलेला असल्याने सगळ्यांना एकदम रोख देता येत नाही, आणि त्यामुळे भीती आणखी वाढते.

दवाखान्यातल्या ताईंसाठी एक खास. पेशंट फोनवर ‘आय हॅव द रन्स’ म्हणाला तर त्याला जुलाब होताहेत. इथे ‘द’ आणि अनेकवचन दोन्ही ठरलेले, एकवचनात हा अर्थ नाही. हे घरगुती इंग्रजी आहे, नोंदवहीत ‘डायरिया’ किंवा ‘लूज मोशन्स’ लिहावं. नाक वाहणं ते ‘रनी नोज’, ते निराळं. आणि ‘फीलिंग रन-डाऊन’ म्हणजे अशक्तपणा, मरगळ; ‘वॉज रन डाऊन बाय अ कार’ म्हणजे गाडीने उडवलं. फोनवर हे नीट ऐकून घेतलं नाही तर अपघाताच्या पेशंटला दोन दिवसांनंतरची वेळ दिली जाईल.

पेठेतला वाचक

रूपांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून: रन, रॅन, रन. तिसरं रूप पुन्हा ‘रन’च. वरच्या ‘हॅज रन आऊट’, ‘हॅव रन आऊट’, ‘बी रन इन’ यांत ते तिसरं रूप आलंय, आणि ‘हॅज रॅन आऊट’ ही चूक इंग्रजी माध्यमातली मुलंही करतात. ‘रनिंग’, ‘रनर’, ‘रनी’ या तिन्हींच्या स्पेलिंगमध्ये ‘एन’ दोनदा.